पडद्यामागचा खर्ज

माझ्या पेटीच्या खर्जाची एके काळी अकोल्यापासून अमरावतीपर्यंत तारीफ होत असे. तो खर्ज माझा नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण जेव्हा सांगायला पाहिजे होतं तेव्हा माझी दातखीळ बसली होती. आता सांगून कुणाचं भलं होणार आहे असंही नाही.

मी शेषराव. अकोल्याला तहसिलीत कारकून, राहायला जठारपेठेत एका खोलीत, एकटाच. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्त्यावस्त्यांतून गायन पार्ट्या निघाल्या, तशी सूर्यभानची एक निघाली. सूर्यभान गायचा, भगवंत ढोलकीवर, किसनराव बँजोवर आणि मी पेटीवर. लोक मोजायचे ती ही चार माणसं. पाचवा देवमन. तो मोजला जात नसे, कारण तो दिसत नसे.

देवमन आधी मिशनच्या चर्चमध्ये भाता मारायचा. तिथं मोठा ऑर्गन होता, कपाटाएवढा. हातांनी वाजवायच्या पट्ट्या वर, आणि पायांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्या खाली, खर्जाच्या सुरांसाठी. वाजवणारी मडम दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामाला लावायची, मग भात्याला कोण? तर देवमन. भात्याचा दांडा ऑर्गनच्या बाजूला, खाली. तिथं बसल्यावर मडमचा चेहरा दिसत नसे, हात दिसत नसत. झग्याखालून दिसायचे ते फक्त पाय. सोळा वर्षं देवमननं ते पाय पाहिले. कोणत्या गाण्याला कोणता पाय कुठं पडतो, टाच कधी, चवडा कधी, सगळं त्याला पाठ झालं. हातांचं त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. मी त्याला एकदा माझी पेटी वाजवायला दिली, तर तो तिच्याकडे परक्याच्या लेकराकडे पाहावं तसा पाहत राहिला. संगीत त्याला घोट्याच्या खालीच येत होतं.

त्याला सत्यभामा नावाची एक मुलगी होती. शनिवारी चर्च झाडायला तो तिला सोबत न्यायचा. झाडून झालं की पोरीचे पाय धुवायचे, तिला सगळ्यात डावीकडच्या पट्टीवर दोन्ही पायांनी उभं करायचं, आणि आपण भाता मारायचा. एका पायाच्या वजनानं पट्टी दबत नसे, एवढी ती लहान. तो जाड सूर निघाला की ती पोट धरून हसायची, कारण सूर पोटात वाजायचा. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, एस. टी.ची वाट पाहताना. एकोणपन्नास साली त्याची बायको पटकीत गेली. चर्चचं काम आणि सहा वर्षांची पोर हे त्याला जमेना, म्हणून पोरीला त्यानं हिवरखेडला तिच्या मावशीकडे, दुर्गाबाईकडे ठेवलं. ठेवलं ते ठेवलंच. वर्षातून दोनदा भेट. पोर तिकडेच वाढली आणि साठ साली वलगावला दिली गेली.

छप्पन साली देवमन नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि पुढच्या रविवारी नेहमीसारखा भात्याशी बसला. मडमनं काही विचारलं नाही, यानं काही सांगितलं नाही. अठ्ठावन्न साली मडम तिच्या देशाला परत गेली. ऑर्गन बंद पडला, त्याला वाळवी लागली, आणि नवा पाद्री म्हणाला, यातलं काय पाहिजे ते घेऊन जा. देवमननं पायाच्या पट्ट्या मागितल्या. तीस होत्या, त्यातल्या तेरा धड निघाल्या. जठारपेठेतल्या नत्थुजी पेटीवाल्यानं त्याला सागवानी खोकं करून दिलं. आत वीत-वीत लांबीचे पितळी सूर, म्हणजे हवेनं वाजणाऱ्या जिभा, खाली पावलाएवढ्या तेरा पट्ट्या, बाजूला भात्याचा दांडा. स्टुलावर बसायचं, हातानं भाता मारायचा, पायानं वाजवायचं. हातांचं काम तेच राहिलं, पाय तेवढे मोकळे झाले.

ते खोकं घेऊन तो साठ सालच्या एका रविवारी सूर्यभानच्या ओसरीवर आला. आमची तालीम चालू होती. त्यानं तांब्याभर पाणी मागितलं. आम्हाला वाटलं प्यायला. तो अंगणात गेला, पाय धुतले, उपरण्यानं पुसले आणि स्टुलावर येऊन बसला. "तुमी म्हना," एवढंच बोलला.

सूर्यभान काळी एक या पट्टीत गायचा. त्यानं तोंड उघडलं आणि खालून तो सूर आला. मी पंधरा वर्षं पेटी वाजवत होतो, पण असलं काही ऐकलं नव्हतं. तो कानात आला नाही, बसल्या जागेतून वर आला. कोनाड्यातला तांब्या थरथरायला लागला. सूर्यभानचा आवाज तसा चांगला, पण वरवर तरंगायचा. त्या दिवशी तो पहिल्यांदा जमिनीवर उभा राहिला. कडवं संपलं तेव्हा सूर्यभानच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पुसता पुसता त्याची नजर खाली गेली.

"पायानं?" सूर्यभान म्हणाला.

"हो."

"अरे बाप्पा! वाद्याले चुकून पाय लागला त आपन हात लावून कपायाले लावतो. अन् तू पायानंच वाजोते?"

"धुतले ना पाय."

"तुह्ये पाय धुतले, पन लोकायचे डोये कोन धुईन? इस्टेजवर बाबासाहेबांचा फोटो असते, तथागताची मूर्ती असते. आमी सारे खाली सतरंजीवर, अन् तू वर स्टुलावर बसून पाय नाचोशीन. लोक चपला मारतीन आपल्याले."

देवमन खाली पाहत राहिला. सूर्यभानला सूर हवा होता आणि पाय नको होते. अशा वेळी तोडगा काढणारा एक शहाणा प्रत्येक पार्टीत असतो. आमच्यात तो मी होतो. मी म्हटलं, मागं पडदा लावू, देवमन पडद्यामागं बसेल. सूर ऐकू येईल, पाय दिसणार नाहीत.

"काय म्हनतं देवमन?" सूर्यभाननं विचारलं.

"चालते," देवमन म्हणाला.

पडद्यासाठी चादर माझ्याच घरची, निळी. माझा बाप शाळेच्या दाराबाहेर बसून अक्षरं शिकला होता, आणि ती गोष्ट सांगताना म्हातारपणीसुद्धा त्याचा आवाज कापायचा. त्या बापाचा मी मुलगा. जिथं कुणी कुणाला बाहेर बसवणार नाही अशा धम्माची गाणी आम्ही गायचो, आणि आमच्यातल्याच एकाला चादरीबाहेर बसवून गायचो. हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तोडगा काढला म्हणून मी खूश होतो.

पहिला कार्यक्रम नेमका हिवरखेडला झाला. गाणी संपल्यावर एक म्हातारा काठी टेकत स्टेजपाशी आला आणि मला म्हणाला, "मास्तर, तुमच्या पेटीच्या पोटात वाघ बसला हाय का हो? काय खर्ज हाय!"

पेटी वाजवणाऱ्याचा एक हात भात्यावर आणि एक पट्ट्यांवर असतो. असला खर्ज माझ्या पेटीतून निघणं शक्य नाही, हे जाणकाराला कळलं असतं. पण तिथं जाणकार कोण होता? दोन हातांवर, चादरीच्या पलीकडे, देवमन खोक्याला दोरी बांधत होता. मी हात जोडले आणि म्हणालो, "रियाज लागते आजोबा."

झालं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची सवय लागायला वेळ लागत नाही. पुढं प्रत्येक गावी कुणी ना कुणी यायचं. मी हात जोडायचो. मूर्तिजापूरला एका शिक्षकानं माझ्यावर चार ओळींची कविता केली, ती मी अजून जपून ठेवली आहे. सूर्यभान माईकवर ओळख करून द्यायचा, ढोलकीवर भगवंत, बँजोवर किसनराव, पेटीवर शेषराव मास्तर. देवमनचं नाव घेतलं तर लोक विचारतील तो कुठं आहे, म्हणून घेत नसे. हारसुद्धा चारच यायचे.

देवमन तक्रार करत नसे. तो पडद्यामागं नुसत्या बनियनवर बसायचा, कारण तिथं वारा नसे. त्याला समोरचं काहीच दिसत नसे. दिसायची ती माझी निळी चादर. कार्यक्रम संपून आम्ही पंगतीला बसायचो तेव्हा तो पट्ट्यांना जवसाचं तेल लावत असायचा, आणि येईपर्यंत कढी संपलेली असायची. खोकं जड, म्हणून एस. टी.त तो सगळ्यात मागं, खोक्याजवळ बसायचा. आम्ही पुढं बसून गप्पा मारायचो. तीन वर्षांत मी त्याच्याजवळ जाऊन बसलो असेन चार-पाच वेळा, तेही पुढं जागा नव्हती म्हणून. माझ्या खोलीत मी एकटा राहायचो, त्याच्या खोलीत तो. दोघांच्या मध्ये दोन गल्ल्या. मी कधी गेलो नाही आणि त्याला कधी बोलावलं नाही. ज्याचं खातो त्याच्या दारात जायला माणसाला जड जातं.

त्रेसष्टच्या मार्च महिन्यात तो स्वतःच माझ्या दारात आला. हातात पोस्टकार्ड. त्याला वाचता यायचं, पण जोडाक्षरं अडायची.

"मास्तर, वाचून द्या. पोट्टीचं हाय."

सत्यभामेनं लिहिलं होतं, जसं बोलते तसंच. "बाबा, जय भीम. आमी सुखरूप हाओ. मांगं आमच्या सासूबाई अकोल्याले कार्यक्रमाले आल्या होत्या. त्याइनं सारे पाह्यले, तुमी कुठी दिसले नाई. घरी येऊन म्हने, तुह्या बाप सतरंज्या उचलत असन, वाजोत नसन. म्या म्हनलं वाजोतेत. पन बाबा, मीनं पन तुमाले कदी वाजोतानी पाह्यलं नाई. चौदा एप्रिलले अमरावतीत तुमची पार्टी हाय म्हनते. मामाजी अन् मी येऊन राहिलो. मले येकडाव दिसजा."

मी कार्ड परत दिलं. देवमननं ते खिशात ठेवलं, बाहेर काढलं, पुन्हा ठेवलं.

"मास्तर," तो म्हणाला, "शेवटच्या येका गान्यापुरती चादर सरकवली त होईन का? सूर्यभानले तुमी सांगा. तुमचं आयकते तो."

तीन वर्षांत त्यानं मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हटलं, "बोलतो ना. त्यात काय."

दोनदा सूर्यभानच्या घरापर्यंत गेलो. दोनदा परत आलो. चादर सरकली की देवमन दिसणार, देवमन दिसला की खर्ज कुणाचा ते दिसणार, आणि मग माझ्याकडे काय राहणार? साधी पेटी, जशी वऱ्हाडात पाचशे लोक वाजवतात. मला माझा खर्ज प्यारा होता, आणि तो माझा नव्हता म्हणून जास्तच प्यारा होता. आठ दिवसांनी देवमन रस्त्यात भेटला. त्यानं विचारलं नाही, नुसतं पाहिलं.

"बोललो," मी म्हटलं. "शेवटच्या गाण्याले चादर काढू."

"बरं झालं," तो म्हणाला आणि थोडा वेळ माझ्याकडे पाहून निघून गेला.

चौदा एप्रिलला अमरावतीत मिरवणूक संध्याकाळी निघायची होती, म्हणून आमचा कार्यक्रम दुपारी चारला. ऊन असं की स्टेजच्या फळ्यांना हात लावता येत नव्हता. देवमन त्या दिवशी पांढरा शर्ट घालून आला, इस्त्रीचा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. चादरीमागच्या त्या भट्टीत तो शर्ट घालून बसला. बसण्याआधी त्यानं नेहमीसारखे पाय धुतले, पण त्या दिवशी जरा जास्तच वेळ. तांब्या त्यानं स्टुलाजवळ ठेवला. मी चादर बांधली. एका बाजूची गाठ माझ्या उजव्या खांद्याशी, बांबूला. बसल्या जागेवरून हात वर केला असता तर सुटली असती.

सत्यभामेला मी कधी पाहिलं नव्हतं, तरी लगेच ओळखलं. बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत, हिरवं लुगडं, आणि बापासारखंच खाली पाहायची सवय. पण त्या दिवशी ती खाली पाहत नव्हती. ती स्टेजवर पाहत होती. सूर्यभान, भगवंत, किसनराव, मी. पुन्हा सूर्यभान, भगवंत, किसनराव, मी. प्रत्येक गाण्याला ती आमची मोजणी करत होती आणि प्रत्येक वेळी चारच भरत होते. पुरुषांच्या बाजूला तिचा सासरा डोमाजी मान डोलवत होता. तो मान डोलवत होता ती नेमकी खर्जाला.

शेवटचं गाणं सुरू झालं. मागून सूर आला तो रोजच्यापेक्षा भरीव. देवमन वाट पाहत होता, हे मला पाठीला कळत होतं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. मी गाठीकडे पाहिलं. मनात म्हटलं, तिसऱ्या कडव्याला सोडू. तिसऱ्याला म्हटलं, आता एवढ्यासाठी गाणं कशाला बिघडवायचं. माणूस स्वतःला फसवायला लागला की त्याला कडवी पुरत नाहीत. गाणं संपलं. भगवंतानं शेवटची थाप मारली. लोक टाळ्या वाजवायला लागले आणि आम्ही चौघांनी हात जोडले.

खर्ज चालूच होता.

माझे दोन्ही हात छातीशी जोडलेले, पेटीचा भाता मिटलेला, आणि तो सूर सुरूच. सगळ्यात डावीकडची पट्टी. टाळ्या विरत गेल्या. पुढच्या रांगेतले लोक माझ्या हातांकडे पाहायला लागले, मग पेटीकडे. सूर्यभान मागं वळून दबक्या आवाजात म्हणाला, "देवमन, झालं ना गानं." लाऊडस्पीकरवाल्याला वाटलं त्याचंच यंत्र घुमत आहे, त्यानं घाईघाईनं बटण बंद केलं. तरी सूर थांबला नाही. नुसताच, माईकशिवाय, फळ्यांतून येत राहिला.

सत्यभामा उठून उभी राहिली. तिचा हात पोटावर होता. ती बायकांच्या पायांतून वाट काढत आली, स्टेजच्या बाजूला चपला काढल्या आणि चादरीमागं गेली. लोकांना वाटलं असेल, कुणी आयोजकांच्या घरची असेल. कुणी अडवलं नाही.

"बाबा," असं ऐकू आलं. सूर थांबला.

मग पाण्याचा आवाज आला. तांब्यातून पाय धुतल्याचा. आणि पुन्हा तोच सूर निघाला, तीच पट्टी, पण कचरत, जरा वाकडा, पट्टीवर कुणी नवखं उभं राहावं तसा. तो लगेच संपला. चादरीमागून हसल्याचा आवाज आला, आणि मग हसण्याचं काहीतरी दुसरंच झालं. गाठ अजूनही माझ्या खांद्याशी होती. तेव्हाही सोडली असती तरी चाललं असतं. मी सोडली नाही.

आयोजक मिरवणुकीच्या सूचना द्यायला लागले, लोक उठले. डोमाजी माझ्याजवळ आला.

"मास्तर, भल्ली वाजोता पेटी," तो म्हणाला. "आमचे व्याही कुठी हायेत? सूनबाईले भेटाचं होतं."

"मागं," मी म्हटलं.

मी चादरीमागं गेलो तेव्हा तिथं कुणी नव्हतं. खोकं होतं, स्टूल होतं, आडवा पडलेला तांब्या होता. तापलेल्या फळीवर ओल्या पावलांच्या दोन जोड्या वाळत आल्या होत्या, एक मोठी आणि एक लहान. देवमन मुलीबरोबर वलगावला गेला. खोकं त्यानं नेलं नाही.

त्यानंतर आमची पार्टी चालली, पण कशी चालली ते विचारू नका. बडनेऱ्याला पहिलाच माणूस म्हणाला, मास्तर, वाघ कुठी गेला? मी सांगितलं, सूर उतरले आहेत, पेटी दुरुस्तीला द्यायची आहे. एका खोट्याला दुसरं खोटं टेकू म्हणून लावलं. शेवटी एक दिवस मी सूर्यभानपाशी सगळं ओकलो, चादरीचं, पोस्टकार्डाचं, गाठीचं. मला वाटलं तो शिव्या देईल.

"मले इचारलं असतं," तो म्हणाला, "त म्या काय नाई म्हनलं असतं काय? पोट्टीसाठी? म्या सोता काढली असती चादर."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पोळा झाल्यावर मी वलगावला गेलो. देवमन डोमाजीच्या वांग्याच्या वाफ्यांत पाणी देत होता. एका वाफ्यात पाणी भरलं की पायानं माती सारून पाण्याचा दांड बंद करायचा आणि दुसऱ्या पायानं पुढचा उघडायचा. फावडं बाजूला पडलं होतं.

"या मास्तर. जय भीम."

"देवमनभाऊ," मी म्हटलं, "मी सूर्यभानले बोललोच नव्हतो. तुमाले खोटं सांगितलं."

"मालूम हाय मले."

"कधीपासून?"

"तुमी बोललो म्हनलं, तवापासून." त्यानं पायानं एक ढेकूळ सारलं. "चादरीमागून दिसत नाई मास्तर, पन आयकू सारं येते. हिवरखेडले त्या बुढ्यानं वाघाचं इचारलं, तुमी काय म्हनलं तेई आयकलं. रियाज लागते."

मी तिथंच शेताच्या धुऱ्यावर खाली बसलो.

"मंग तेव्हाच काहून नाई बोलले?"

"काय बोलाचं? सोळा वर्सं भाता मारला, लोक मडमले नावाजत. मले वाटे, भातेवाल्याचं असंच असते. वाईट वाटे, नाई असं नाई. पन माह्यं काय, मी येकला मानूस. पोट्टीनं लिवलं दिसजा म्हनून, तवा मातर वाटलं, येकडाव दिसाव."

"चला परत. चादर काढून टाकली आपण. सगळ्यांच्या पुढं बसा. सूर्यभाननं सांगितलं आहे."

"आता कोनासाठी बसू? जिले दिसाचं होतं, तिनं पाह्यलं."

"मग खोकं तरी आणून देतो."

तो पहिल्यांदा हसला. त्यात राग नव्हता, आणि तो नव्हता म्हणूनच मला सहन झालं नाही. "ठेवा तुमच्यापाशी. लोक तुमचाच खर्ज म्हनतेत ना? वाजवून पाहा. पन पाय धुवा पह्यले."

सत्यभामा चहा घेऊन आली. "काका, च्या घ्या," म्हणाली. मला वाटत होतं की ती काहीतरी बोलेल. ती रिकामा कप न्यायला उभी राहिली, आणि मी पिऊन होईपर्यंत बापाच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहत होती. मी पाचच्या गाडीनं परत आलो.

पार्टी पुढच्याच वर्षी मोडली. सूर्यभान मुंबईला गिरणीत गेला. माझी पेटी नत्थुजींकडे पडून आहे, मी आणायला गेलो नाही. देवमनचं खोकं माझ्या खोलीत आहे, त्या निळ्या चादरीखाली. त्याच्या पट्ट्यांना मी दर महिन्याला जवसाचं तेल लावतो.

परवा रविवारी दुपारी चादर काढली, अंगणात जाऊन पाय धुतले, पुसले आणि बसलो. भाता मारला, डावीकडच्या पट्टीवर पाय ठेवला. सूर निघाला. कोनाड्यातला तांब्या थरथरला. पुढं कोणती पट्टी, ते माझ्या पायांना ठाऊक नव्हतं, म्हणून मी तिथंच पाय ठेवून बसलो. समोर भिंत. खोलीत कुणी नाही, गाणारा नाही, ढोलकी नाही. एकटा खर्ज म्हणजे वाट पाहण्याचा आवाज आहे, हे मला त्या दिवशी कळलं. तीन वर्षं तो माझ्या पाठीशी वाजत होता आणि मी हात जोडत होतो.

शेजारच्या जाईबाई दारात येऊन थांबल्या. हात पिठाचे.

"काय वाजोता मास्तर? माह्या चुलीवरची झाकनी वाजून राहिली."

"जाईबाई," मी म्हटलं, "हे माह्यं नाई. हे देवमनचं हाय."

"कोन देवमन?" त्या म्हणाल्या.

मी भाता मारायचा थांबलो आणि सांगायला लागलो, चर्चपासून. पण त्यांची भाकर तव्यावर होती. मी मडमच्या पायांपर्यंत आलो तेव्हा त्या निघून गेल्या होत्या.